हिमस्खलन

हिमस्खलन : डोंगरउतारावर साचलेल्या बर्फाचा थर सुटून वेगाने खाली येणे. बडोद्यात बर्फ पडत नाही आणि इथल्या मराठी भटक्यांचा सराव होतो तो पावागडावर. त्या चढाईने पाय आणि दम तयार होतात, बर्फाचा अंदाज येत नाही. शिवाय बडोदेकर हिमालयात जातात ते बहुधा दिवाळी, नाताळ आणि मे महिन्याच्या सुट्टीत, आणि या तिन्ही वेळचा बर्फ निरनिराळा वागतो.

सुटा, भुसभुशीत बर्फ एका बिंदूपासून घसरत पसरतो. माणसे जास्त मरतात ती स्लॅब सुटल्याने. वरचा घट्ट थर खालच्या कमकुवत थरावरून एकसंध निसटतो, उतारावर आडवी चीर पडते आणि चालणारा त्या तुटलेल्या तुकड्यावरच उभा असतो. हे बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर घडते. त्याहून उभ्या कड्यांवर बर्फ फारसा साचतच नाही. म्हणजे भीतिदायक दिसणाऱ्या कड्यापेक्षा बरा वाटणारा उतारच जास्त घातक. प्राणघातक अपघातांत स्लॅब बहुतेकदा त्या माणसाच्या किंवा त्याच्या सोबत्यांच्याच वजनाने सुटते.

कमकुवत थर तयार होतो तो थंडीमुळे. हिमाच्छादन पातळ असले की खालची जमीन शून्य अंशाच्या आसपास राहते आणि पृष्ठभाग मात्र कितीतरी गार असतो. या तफावतीमुळे बर्फातली वाफ वर सरकते आणि तळाशी साखरेसारखे सुटे, एकमेकांना न धरणारे दाणे उरतात. लडाखच्या कोरड्या थंडीत हे सर्रास होते. नाताळच्या सुमारास बर्फ अजून उथळ असल्याने इतरत्रही होऊ शकते. ‘यंदा बर्फ कमी, म्हणजे धोका कमी’ हा हिशोब म्हणूनच चुकीचा.

दिवाळीच्या आसपास उंचावर ताजा बर्फ असतो. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तराखंडातील द्रौपदी का डांडा-२ शिखरावर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची तुकडी हिमस्खलनात सापडली आणि पंचवीसहून अधिक जण दगावले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात एव्हरेस्ट सर करणाऱ्या प्रशिक्षक सविता कंसवाल त्यांत होत्या. मे महिन्यात प्रश्न उन्हाचा. वितळलेले पाणी थरांत झिरपते आणि दुपारपर्यंत उतार जड, ओला होतो. खिंड पहाटे अंधारातच ओलांडायला लावतात ती यासाठी. उशिरा उठणाऱ्यांची कुरकुर वाटाड्याने मुळीच ऐकू नये.

जोरदार हिमवृष्टीनंतरचे एक-दोन दिवस, विशेषतः आकाश निवळून ऊन पडलेला पहिला दिवस, फोटोंसाठी उत्तम आणि उतारासाठी वाईट. वारा एका बाजूचा बर्फ उचलून धारेच्या आडोशाला रचतो, त्यामुळे हिमवृष्टी न होताही तिथले ओझे वाढते. पायाखाली ‘धप्प’ असा पोकळ आवाज येणे, बुटापासून चिरा पळणे, शेजारच्या उतारावर ताजे स्खलन दिसणे, यांपैकी एकही खूण दिसली तर मागे फिरावे. सपाटीवर उभे राहूनही वरचा उतार सुटू शकतो.

भारतात हिमस्खलनाचे इशारे चंदीगढ येथील डीजीआरई ही डीआरडीओची प्रयोगशाळा देते. धोक्याच्या प्रचलित मापनश्रेणीत पाच पातळ्या असतात. तिसरी पातळी ‘मधली’ म्हणून हलक्यात घेतली जाते, पण परदेशातला अनुभव असा की पुष्कळ मृत्यू याच पातळीला होतात. चौथ्या-पाचव्या पातळीला मुळात फार कमी लोक जातात.

थांबल्यावर बर्फ घट्ट बसतो आणि गाडलेल्याला बोटही हलवता येत नाही. मृत्यू मुख्यतः गुदमरून येतो. साधारण पंधरा मिनिटांच्या आत बाहेर काढल्यास वाचण्याची शक्यता चांगली असते, पुढे ती झपाट्याने घसरते. खालच्या गावातून मदत एवढ्या वेळात पोचत नाही. शोधायचे असते सोबत्यांनीच. त्यासाठी प्रत्येकाच्या अंगावर ४५७ किलोहर्ट्झवर चालणारा ट्रान्सीव्हर (रेडिओ संकेत पाठवणारे आणि गाडलेल्याचा संकेत पकडणारे यंत्र) आणि पाठपिशवीत जोडकाठी (बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब काठी) व फावडे लागते. तिन्हींपैकी एक नसले तर उरलेली दोन फारशी उपयोगाची नाहीत. बर्फातली सहल ठरवताना जेवणात काय मिळणार हे सगळेच विचारतात. ही तीन साधने आहेत का आणि ती वापरता कोणाला येतात, हे त्याआधी विचारावे.