थंडी-वाऱ्यातला गॅस स्टोव्ह: रेग्युलेटर आणि प्रीहीट ट्यूब यांची गल्लत

पाठीवर न्यायला हलका गॅस स्टोव्ह शोधायला लागलं की दोन वेगळ्या प्रकारांबद्दल एकच दावा वाचायला मिळतो: ‘थंडीतही चालतो’. पहिला प्रकार म्हणजे कॅनिस्टरच्या, म्हणजे गॅसच्या छोट्या डब्याच्या, डोक्यावर थेट फिरवून बसवायचा छोटा बर्नर, आत प्रेशर रेग्युलेटर असलेला. दुसरा जमिनीवर स्वतःच्या पायांवर उभा राहतो. कॅनिस्टर बाजूला असतो, मध्ये लवचीक नळी असते आणि धातूची एक बारीक नळी ज्योतीजवळून वळसा घेऊन जाते. ही प्रीहीट ट्यूब. दावा दोघांचाही खोटा नाही, पण पहिला थंडीची अडचण जराशी पुढे ढकलतो आणि दुसरा तिच्यावर खराखुरा उपाय करतो. बोचऱ्या थंडीत पाणी तापत नाही तेव्हा हा फरक फार मोठा असतो.

बिघाड सुरू होतो कॅनिस्टरमध्ये. आत गॅस द्रवरूपात असतो आणि त्याची वाफ झाली तरच ज्योत मिळते. समुद्रसपाटीला एन-ब्युटेन उणे ०.५ अंश सेल्सिअसला उकळतो, आयसोब्युटेन उणे १२ च्या आसपास आणि प्रोपेन उणे ४२ ला. म्हणजे शून्याखाली एन-ब्युटेन जवळजवळ निरुपयोगी. नुसता प्रोपेन भरावा म्हटलं, तर त्याचा दाब या पातळ पत्र्याच्या डब्यांना झेपत नाही, म्हणून मिश्रण वापरतात. थंडीसाठी कॅनिस्टर घेताना त्यावरचे घटक वाचा. आयसोब्युटेन आणि प्रोपेनचं मिश्रण हवं, एन-ब्युटेन जितका कमी तितकं बरं.

मिश्रण चांगलं असलं तरी दोन अडचणी उरतात. वाफ होताना द्रव स्वतःचीच उष्णता खर्च करतो, त्यामुळे चालू स्टोव्हचा कॅनिस्टर भोवतालच्या हवेपेक्षा थंड होत जातो. कधीकधी त्याच्यावर पांढरं दंवही धरतं. शिवाय वाफेत प्रोपेनचा वाटा जास्त असतो, तो आधी निघून जातो आणि मागे जड, आळशी इंधन उरतं. भरलेला कॅनिस्टर जोरात पेटतो आणि तोच तळाला आला की धापा टाकतो, त्याचं कारण हे.

आता रेग्युलेटर. कॅनिस्टरमधला दाब कमी-जास्त झाला तरी बर्नरला तो एकसारखा दाब पुरवतो. असे स्टोव्ह मुळात कमी दाबावर चालतील असे बनवलेले असतात, त्यामुळे कॅनिस्टर थंडावत गेला तरी ज्योत बराच वेळ तशीच राहते. शून्याच्या आगेमागे हा फायदा खरा आहे आणि मला तो आवडतोही. पण टाकीला चांगला नळ बसवला म्हणून टाकीतलं पाणी वाढत नाही. आतला दाबच पडला तर रेग्युलेटरकडे वाटायला काही उरत नाही.

प्रीहीट ट्यूबवाल्या स्टोव्हमध्ये कॅनिस्टर उलटा ठेवता येतो. मग वाफेऐवजी द्रवच बाहेर येतो. आत उरलेल्या वाफेचा दाब त्याला ढकलतो, तो तापलेल्या ट्यूबमध्ये पोचतो आणि त्याची वाफ तिथे होते. वाफ करण्याचं काम गारठलेल्या डब्याकडून ज्योतीकडे गेलं. डबा स्वतःला थंड करत नाही आणि द्रव जसा आहे तसा बाहेर येत असल्याने मिश्रणाचं प्रमाणही शेवटपर्यंत साधारण तेच राहतं. आयसोब्युटेन-प्रोपेनवर असा स्टोव्ह उणे २० च्या आसपासपर्यंत काम देतो. त्याखाली द्रव ढकलायलाही दाब पुरत नाही. तिथे पंपाने दाब द्यायचा लिक्विड फ्युएल स्टोव्हच न्यावा.

उंचीमुळे मात्र थोडी मदत होते. ५,५०० मीटरच्या सुमारास हवेचा दाब निम्मा होतो आणि एन-ब्युटेनसुद्धा उणे १७ च्या आसपास उकळतो.

वाऱ्याचा प्रश्न पूर्ण वेगळा आहे आणि इथे रेग्युलेटरचा काहीही उपयोग नाही. डोक्यावर बसणाऱ्यांपैकी सोटो विंडमास्टर वाऱ्यात टिकतो तो बर्नरच्या घडणीमुळे: तोंड आत खोलगट, कड उंच आणि भांडं ज्योतीच्या अगदी जवळ. झुळकांना एवढं पुरतं. सतत वारा असेल तर चहूबाजूंनी आडोसा हवा, आणि डोक्यावर बसणाऱ्या स्टोव्हला तो कधीही करू नये. उष्णता आत कोंडते, कॅनिस्टर तापतो आणि फुटू शकतो. हात लावून पाहा. चटका बसण्याइतका गरम लागला तर लगेच स्टोव्ह बंद करा. कॅनिस्टर बाजूला असलेल्या स्टोव्हला बर्नरभोवती पूर्ण विंडस्क्रीन लावता येते, फक्त कॅनिस्टर तिच्या बाहेर हवा. माझ्या मते या स्टोव्हचा सर्वांत मोठा गुण हाच, कारण थंडीपेक्षा वाराच जास्त इंधन खातो.

एमएसआर रिअ‍ॅक्टरसारखे स्टोव्ह या दोहोंच्या मधले वाटतात. झाकलेल्या बर्नरमुळे ते वाऱ्याला दाद देत नाहीत, पण कॅनिस्टर खाली सरळच बसतो आणि वाफच वापरतो. थंडीची मर्यादा रेग्युलेटरवाल्यांचीच.

वजनात फरक शंभरेक ग्रॅमचा पडतो. डोक्यावर बसणारे स्टोव्ह साधारण ७० ते १०० ग्रॅमचे असतात, कॅनिस्टर बाजूला असलेला कोव्हिया स्पायडर १६८ ग्रॅमचा. रात्री पारा शून्याच्या जरा वरखाली आणि दगडाचा किंवा झाडीचा आडोसा मिळणार असेल, तर मी रेग्युलेटरवालाच सुचवेन. कॅनिस्टर रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घ्यायचा आणि वापरताना कोमट पाण्याच्या उथळ भांड्यात ठेवायचा, एवढ्याने पुष्कळ काम होतं. उघड्या माथ्यावर, बर्फावर किंवा उणे १० च्या खाली मुक्काम असेल तर शंभर ग्रॅम वाचवण्यात अर्थ नाही.

विकत घेताना एक नक्की तपासा: नळी असलेल्या प्रत्येक स्टोव्हला प्रीहीट ट्यूब नसते. ती नसताना कॅनिस्टर उलटा केला तर कच्चा द्रव बर्नरमध्ये येऊन मोठा भडका उडतो. ती असली तरी कॅनिस्टर सरळ ठेवूनच पेटवा, अर्धा-एक मिनिट ट्यूब तापू द्या, ज्योत बारीक करा आणि मग सावकाश उलटा करा. व्हॉल्व्ह फिरवल्यावर ज्योत काही क्षण उशिरा बदलते, तेव्हा घाईने आणखी फिरवू नका. बंद करण्याआधी कॅनिस्टर पुन्हा सरळ करा, म्हणजे नळीतला उरलेला द्रव जळून जाईल. आणि कितीही वारा असो, बंद तंबूत यातला कुठलाच स्टोव्ह पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.