नॉरॲड्रेनालिन मारक, ॲसिटिलकोलीन तारक? इतकं सोपं नाही

नॉरॲड्रेनालिन आणि ॲसिटिलकोलीन ही चेतातंतूंतून सुटणारी संदेशवाहक रसायनं. नॉरॲड्रेनालिन म्हणजे ताण, म्हणून प्रतिकारशक्तीला मारक; ॲसिटिलकोलीन म्हणजे शांतता, म्हणून तारक, अशी वाटणी सर्रास केली जाते. हृदयापुरती ती चालून जाते: एक ठोके वाढवतं, दुसरं कमी करतं. प्रतिकार पेशींच्या बाबतीत मात्र हे गणित फसतं.

सिम्पथेटिक (ताणाच्या वेळी शरीराला सज्ज करणारे) चेतातंतू प्लीहेत आणि लसिका ग्रंथींत थेट पोचलेले असतात आणि तिथेच नॉरॲड्रेनालिन सोडतात. टी पेशी, नॅचरल किलर पेशी, मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या पेशी) या सगळ्या प्रतिकार पेशींवर नॉरॲड्रेनालिनचा संदेश पकडणारा बीटा-२ रिसेप्टर असतो. नॉरॲड्रेनालिन त्याला चिकटलं की पेशीत सायक्लिक एएमपी हा संदेशवाहक रेणू वाढतो आणि टीएनएफसारखी दाह भडकवणारी प्रथिनं कमी तयार होतात. ‘मारक’ हा शिक्का अगदीच खोटा नाही. सिम्पथेटिक तंतू रसायनाने निकामी करून उंदरांना इन्फ्लुएंझाची लागण केली, तेव्हा विषाणूग्रस्त पेशींना मारणाऱ्या टी पेशींचा प्रतिसाद वाढलेला दिसला (२००९). पण दाह आवरणं नेहमीच वाईट कुठे असतं? गंभीर फ्लूमध्ये फुफ्फुसांची बरीच हानी आपल्याच दाहामुळे होते.

आता ॲसिटिलकोलीन. केव्हिन ट्रेसी या संशोधकांच्या गटाने २००० साली उंदीरवर्गातल्या प्राण्यांना जिवाणूचं विष देऊन मेंदूतून निघून छाती-पोटात जाणारी, ॲसिटिलकोलीन सोडणारी व्हेगस नस उत्तेजित केली, आणि टीएनएफ घटला. म्हणजे हेही दाह दाबणारंच! ‘व्हेगस जागवा, इम्युनिटी वाढवा’ म्हणणाऱ्यांनी हा प्रयोग नीट वाचावा. त्यात काही वाढलं नव्हतं.

गंमत पुढेच आहे. व्हेगसचा हा परिणाम प्लीहेमार्फत होतो, पण प्लीहेत शिरणारी नस ॲसिटिलकोलीन सोडतच नाही, नॉरॲड्रेनालिन सोडते. मग तिथल्या टीएनएफ बनवणाऱ्या मॅक्रोफेजना ॲसिटिलकोलीन मिळतं कुठून? उत्तर २०११ मध्ये मिळालं: नॉरॲड्रेनालिनचा इशारा मिळताच काही टी पेशी ते स्वतःच बनवतात. ज्यांना आपण विरोधक समजतो, ती दोघं इथे एकाच साखळीत काम करतात.

विषाणूच्या बाबतीत तर ॲसिटिलकोलीनचं कामच वेगळं निघालं. एलसीएमव्ही या विषाणूचा दीर्घकालीन संसर्ग झालेल्या उंदरांत टी पेशी ॲसिटिलकोलीन बनवतात. त्याने रक्तवाहिन्या रुंदावतात आणि टी पेशींना रक्तातून बाधित ऊतींत शिरता येतं. ॲसिटिलकोलीन बनवणारं एन्झाइम टी पेशींतून काढून टाकलं, तेव्हा उंदरांना तो संसर्ग आटोक्यात ठेवता आला नाही (२०१९). नसेतून नव्हे, लढणाऱ्या पेशीतूनच आलेलं ॲसिटिलकोलीन इथे कामी येत होतं.