कापूस आणि गुलामगिरी, अमेरिकेतील

अमेरिकेच्या दक्षिणी राज्यांत साधारणतः १७९० ते १८६५ या काळात गुलामांच्या श्रमावर वाढलेली कापूसशेती व तिच्याशी जोडलेली अर्थव्यवस्था. १७९० मध्ये सुमारे ७ लाख असलेली गुलामांची संख्या १८६० पर्यंत ३९ लाखांवर गेली.

सरकी काढण्याच्या यंत्राचे (जिन) श्रेय सामान्यतः एली व्हिटनीला दिले जाते. जॉर्जियातील सव्हानाजवळ कॅथरिन ग्रीन यांच्या मळ्यावर त्याने ते १७९३ मध्ये बनवले. पेटंट १७९४ चे. मात्र दोन रुळांमधून रुई ओढून घेणारे चरक भारतात कित्येक शतके आधीपासून होते आणि त्यांचे प्रकार अमेरिकेतही प्रचारात होते. आखूड धाग्याच्या कापसाला, सरकीला तंतू घट्ट चिकटत असल्याने, ते अपुरे पडत. व्हिटनीने रुळावर तारांचे दात बसवले; होजेन होम्सने १७९६ मध्ये त्यांच्या जागी करवतीच्या चकत्या आणल्या व पुढे हेच रूप टिकले. या शोधातील ग्रीन यांच्या वाट्याविषयी मतभेद आहेत.

जिनमुळे वेचणीचे कष्ट सुटले नाहीत. ती हातानेच होई. गुलामगिरीतून सुटलेल्या सॉलोमन नॉर्थपच्या आत्मवृत्तानुसार (१८५३) लुइझियानात दिवसाला २०० पौंड कापूस अपेक्षित असे आणि संध्याकाळी वजनात तूट आली की चाबूक ठरलेला. १८०१ ते १८६२ या काळात दरडोई वेचणी सुमारे चौपट झाली. इतिहासकार एडवर्ड बॅप्टिस्ट हे याचे कारण छळात पाहतात. आर्थिक इतिहासकार अ‍ॅलन ओल्मस्टेड व पॉल रोड यांच्या मते बोंडे चांगली उमलणारी, मेक्सिकन बियाण्यापासून निपजलेली वाणे निर्णायक ठरली. वाणांचा पुरावा अधिक भक्कम दिसतो. अर्थात त्याने जुलमाचे वास्तव कमी होत नाही.

१८०८ मध्ये आफ्रिकेतून गुलाम आणण्यास बंदी झाली, पण देशांतर्गत विक्री फोफावली. व्हर्जिनिया, मेरिलंडकडून सुमारे १० लाख माणसे नैर्ऋत्येकडे नेली गेली. असंख्य कुटुंबे कायमची तुटली. त्यांना जुंपले गेले ती जमीन बरीचशी मूळ रहिवाशांना हुसकावून मिळवलेली होती (त्यांना हटवण्याचा १८३० चा कायदा).

वंशभेद कापसाने जन्माला घातला नाही. आईचा दर्जा (गुलाम की मुक्त) मुलाला लागू करणारा व्हर्जिनियाचा कायदा १६६२ चा आहे. कापसातील नफ्याने मात्र त्याला उघड सिद्धांताचे रूप आले : अलेक्झांडर स्टीफन्सने १८६१ मध्ये सव्हाना येथे काळ्यांची कनिष्ठता हाच फुटून निघालेल्या दक्षिणी राज्यांच्या नव्या राज्यसंघाचा पाया असल्याचे जाहीर केले.

राष्ट्रीय आर्थिक वाढीतील कापसाचा वाटा वादग्रस्त आहे. यादवी युद्धापूर्वी निर्यातीच्या मूल्यात कापूस निम्म्याहून अधिक होता. न्यूयॉर्कचे सावकार व विमेदार, मॅसॅच्युसेट्सच्या गिरण्या त्यावर पोसल्या गेल्या. गुलाम गहाण ठेवून कर्जे काढली जात. परंतु निम्मी अर्थव्यवस्था कापसाची होती, हे बॅप्टिस्ट यांचे गणित एकच मूल्य पुनःपुन्हा मोजते. राष्ट्रीय उत्पन्नातील थेट वाटा ५-६ टक्क्यांच्या आसपास मानणे सयुक्तिक.

यादवी युद्धात (१८६१–६५) पुरवठा खुंटला तेव्हा मुंबईच्या बाजारात कापसाचे भाव भडकले व १८६५ मध्ये कोसळले. जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ (१८७३) हा ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. मुक्तीनंतर जमिनीची व्यापक वाटणी झाली नाही. बहुतेक मुक्त कुटुंबे वाट्याने शेती करीत दुकानदारांच्या कर्जात अडकली.