ओरिक्स कोणता, अ‍ॅडॅक्स कोणता?

आफ्रिकेतल्या चाड देशातल्या वादी रिमे–वादी अशीम अभयारण्याचे फोटो पाहताना गफलत हमखास होते. ओरिक्स आणि अ‍ॅडॅक्स हे दोन्ही हरणासारखे प्राणी पांढरट, दोघांची शिंगं लांब, नर-मादी दोघांनाही असलेली, आणि मागे तोच रखरखीत माळ.

आधी शिंगं बघा. ओरिक्सची शिंगं तलवारीच्या पात्यासारखी एकच बाक घेऊन मागे जातात. अ‍ॅडॅक्सची आपल्या काळविटासारखी पीळदार. पण लहान पिल्लांच्या शिंगांना अजून पीळ पडलेला नसतो, तेव्हा मान आणि तोंड बघावं. ओरिक्सची मान आणि छाती तांबूस-तपकिरी असते. अ‍ॅडॅक्सच्या कपाळावर गडद केसांचा झुपका आणि नाकावर फुलीसारखा पांढरा पट्टा असतो. अंगाच्या रंगावर मात्र विसंबू नका. उन्हाळ्यात पांढराशुभ्र दिसणारा अ‍ॅडॅक्स हिवाळ्यात करडा-तपकिरी होतो.

माझ्या मते खरा फरक पायांत आहे. अ‍ॅडॅक्सचे खूर रुंद, फाकलेले. मऊ वाळूत ते रुतत नाहीत. म्हणून तो थेट सहारात, टेकड्यांसारख्या वाळूत राहतो. पण पाय आखूड असल्याने त्याला फार वेगाने पळता येत नाही, आणि गाडीतून पाठलाग करणाऱ्या बंदूकधाऱ्यापुढे त्याचा निभाव लागत नाही. ओरिक्स वाळवंटाच्या कडेचा, पाऊस पडून गवत उगवेल तिकडे सरकणारा. पाण्याविना दोघंही दीर्घकाळ काढतात.

नशीब मात्र दोघांचं वेगळं. ओरिक्सची ही तलवारीसारख्या शिंगांची जात जंगलातून पुरती संपली. 2000 साली आययूसीएन या जागतिक संस्थेच्या धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत तशी अधिकृत नोंदही झाली. पण बंदिवासात कळप टिकले होते. 2016 पासून अबू धाबीतून आणलेले ओरिक्स या अभयारण्यात सोडले गेले, तिथे त्यांना पिल्लं झाली, आणि 2023 मध्ये त्यांची नोंद ‘संकटग्रस्त’ अशी बदलली. जंगलातून संपलेला मोठा प्राणी असा परत येणं फार क्वचित घडतं. अभयारण्यही केवढं, तर महाराष्ट्राच्या जवळपास चौथ्या हिश्शाएवढं!

अ‍ॅडॅक्सच्या वाट्याला हे अजून आलेलं नाही. शेजारच्या नायजरमधला तेर्मित भाग हा त्याचा शेवटचा मोठा आसरा. तिथे तेलाच्या कामांमुळे माणसांचा वावर आणि शिकार वाढली, आणि 2016 च्या पाहणीत जेमतेम तीन अ‍ॅडॅक्स दिसले. तो आजही ‘अतिसंकटग्रस्त’ यादीत आहे. 2020 पासून चाडच्या याच अभयारण्यात ओरिक्सच्या जोडीने अ‍ॅडॅक्सही सोडले जात आहेत.