फॉरमॅटनंतर आवाज, वायफाय, प्रिंटर गायब? नवीन पार्ट घेण्याआधी हे वाचा

फॉरमॅट मारून घरी नेलेला कॉम्प्युटर चालू केला की स्क्रीनवरची अक्षरं अवाढव्य दिसतात, गाणं लावलं तर आवाज येत नाही आणि वायफायचं चिन्हच सापडत नाही. मग आमच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात फोन येतो, "साउंड कार्ड उडालं का हो?" फॉरमॅटच्या आदल्या दिवशी सगळं नीट चालत असेल तर पार्ट उडाल्याची शक्यता फार कमी. बहुधा ड्रायव्हर बसलेला नसतो.

ड्रायव्हर म्हणजे एखाद्या विशिष्ट चिपकडून काम कसं करून घ्यायचं हे विंडोजला सांगणारं सॉफ्टवेअर. कीबोर्ड, माउस, पेनड्राइव्ह यांची सोय विंडोजमध्ये आधीच असते. ग्राफिक्स, वायफाय, टचपॅड, प्रिंटर यांच्या चिपा मात्र दर कंपनीच्या वेगळ्या, त्यामुळे त्यांचे ड्रायव्हर बऱ्याचदा वेगळे टाकावे लागतात. इंटरनेट मिळालं की विंडोज १० आणि ११ त्यातले बरेच स्वतःच उतरवून घेतात. पण वायफायचाच ड्रायव्हर नसेल तर इंटरनेट येणार कुठून? घरोघरी गाडी अडते ती इथेच. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला, त्यामुळे जुन्या मशिनवर विंडोज ११ टाकून घेणाऱ्यांनी तर हे माहीत करून घ्यावंच.

आधी डिव्हाइस मॅनेजर उघडा

विंडोजचं बटण आणि एक्स एकत्र दाबा. येणाऱ्या यादीत डिव्हाइस मॅनेजर आहे, त्यावर क्लिक करा. आता दोन गोष्टींतला फरक नीट पाहा, कारण पुढचा खर्च त्यावर ठरतो.

एखाद्या नावाशेजारी पिवळा त्रिकोण आणि उद्गारचिन्ह दिसलं, किंवा 'अदर डिव्हायसेस' या मथळ्याखाली काही नावं दिसली, तर पार्ट जिवंत आहे. विंडोजला तो दिसतोय, फक्त ओळखता येत नाही. इथे ड्रायव्हर टाकून काम होतं.

पण वायफायचं नाव यादीत कुठेच नसेल, पिवळ्या खुणेसहसुद्धा नसेल, तर ड्रायव्हर शोधण्यात रात्र घालवू नका. नसलेल्या वस्तूला ड्रायव्हर लागू पडत नाही. लॅपटॉपच्या कडेला वायफायचं वेगळं बटण आहे का, बायोसमध्ये (विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या मशिनच्या मूळ सेटिंगमध्ये) ते बंद केलंय का, डेस्कटॉप असेल तर कार्ड स्लॉटमध्ये नीट बसलंय का, हे पाहा. यूएसबीचा वायफाय डोंगल (पेनड्राइव्हसारखा बाहेरून लावायचा वायफायचा पार्ट) असेल तर आणखी एक गंमत. काही डोंगल लावल्यावर आधी सीडी ड्राइव्ह म्हणून दिसतात, कारण त्यांचा ड्रायव्हर त्यांच्याच पोटात असतो. 'धिस पीसी'मध्ये नवी सीडी दिसली तर ती उघडून आतला सेटअप चालवा.

पिवळ्या खुणेच्या नावावर डबल क्लिक केलं की 'डिव्हाइस स्टेटस'मध्ये एक कोड दिसतो. २८ म्हणजे ड्रायव्हर बसवलेलाच नाही, सगळ्यात सोपं प्रकरण. २२ म्हणजे तो पार्ट कुणीतरी बंद करून ठेवलाय. राइट क्लिक करून 'एनेबल' म्हणा, झालं. १० म्हणजे पार्ट सुरू होऊ शकला नाही. चुकीचा ड्रायव्हर पडल्यावर हा कोड बऱ्याचदा दिसतो. ४३ आला तर मात्र थोडं सावध व्हा. यात पार्टनेच विंडोजला बिघाड कळवलेला असतो आणि कधीकधी तो खरोखर बिघडलेला निघतो. तरी ४३ दिसल्या दिसल्या ग्राफिक्स कार्ड विकत घ्यायला निघू नका. आधी 'रीस्टार्ट' करा, शटडाउन नव्हे. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउन करूनही सिस्टिम पूर्णपणे नव्याने सुरू होत नाही, रीस्टार्टमध्ये होते.

नावं फसवी असतात

'पीसीआय सिंपल कम्युनिकेशन्स कंट्रोलर' वाचून लोकांना इंटरनेटची भानगड वाटते. इंटेलच्या मशिनवर तो बहुतेक वेळा मॅनेजमेंट इंजिन या इंटेलच्या अंतर्गत यंत्रणेचा भाग असतो, त्याचा वायफायशी संबंध नाही. 'एसएम बस कंट्रोलर' म्हणजे चिपसेटचा (मदरबोर्डवरच्या मुख्य चिपांचा) ड्रायव्हर राहिलाय. वायफाय हवं असेल तर 'नेटवर्क कंट्रोलर' शोधा. 'इथरनेट कंट्रोलर' म्हणजे केबलचं लॅन. डिस्प्ले अडॅप्टरखाली 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' लिहिलं असेल तर ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हर नाही, म्हणून अक्षरं मोठी दिसतात. मॉनिटर बदलू नका.

नुसतंच 'अननोन डिव्हाइस' असेल तर प्रॉपर्टीजमधल्या 'डिटेल्स'मध्ये जाऊन 'हार्डवेअर आयडीज' निवडा. मदरबोर्डवरच्या पार्टचा कंपनी क्रमांक तिथे सापडतो: ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी म्हणजे रिअलटेक, १०डीई म्हणजे एनव्हीडिया, १००२ म्हणजे एएमडी. (८०८६ हा इंटेलच्या १९७८ च्या गाजलेल्या प्रोसेसरचा आकडा, कंपनीने तोच स्वतःसाठी घेतलेला दिसतो.) ती ओळ मोबाइलवर फोटो काढून आम्हाला पाठवलीत तरी फोनवर बरंच सांगता येतं.

इंटरनेट आणायचं कसं

मोबाइलमधून. अँड्रॉइड फोन केबलने कॉम्प्युटरला जोडा, सेटिंगमध्ये हॉटस्पॉटच्या पानावर 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. यासाठी बहुतेक वेळा वेगळा ड्रायव्हर लागत नाही. केबल डेटाची हवी. नुसत्या चार्जिंगच्या स्वस्त केबलने काही होणार नाही. आयफोनसाठी अॅपलचा ड्रायव्हर लागतो, म्हणून घरातल्या दुसऱ्या कुणाचा तरी अँड्रॉइड मागून घ्या. विंडोज ११ पहिल्यांदा सुरू होताना इंटरनेट मागून अडून बसतं, तिथेही हीच युक्ती चालते.

नेट आलं की सेटिंग, विंडोज अपडेट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, ऑप्शनल अपडेट्स या वाटेने जा. 'ड्रायव्हर अपडेट्स' तिथे टिक करायची वाट पाहत पडलेले असतात आणि बहुतेक लोक त्या पानापर्यंत पोचतच नाहीत. ज्या पार्टला पिवळी खूण आहे त्याचेच घ्या. यादीत फर्मवेअर (पार्टच्या आतच चालणारं सॉफ्टवेअर) किंवा बायोस दिसलं तर लाइटचा भरवसा नसताना, विशेषतः यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपवर, त्याला हात लावू नका.

एवढ्यावर भागलं नाही तर मशिन बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर जा. डेलच्या लॅपटॉपखाली सर्व्हिस टॅग असतो, एचपी आणि लेनोव्होवर सिरियल नंबर. तो टाकला की नेमक्या तुमच्या मॉडेलची यादी येते. पहिला चिपसेट टाका, मग ग्राफिक्स, मग बाकीचे. लॅमिंग्टन रोडवरून पार्ट आणून असेंबल केलेलं मशिन असेल तर मदरबोर्डचं मॉडेल लागेल. स्टार्टमध्ये 'सिस्टिम इन्फर्मेशन' शोधा, 'बेसबोर्ड प्रॉडक्ट'समोर ते लिहिलेलं असतं. डबा उघडायची गरज नाही.

'सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये' म्हणणारी सॉफ्टवेअर टाकू नका, हे आमचं ठाम मत आहे. गुगलवर शोधलं की जाहिरातीत तीच वर येतात. फुकटात स्कॅन करून भीती घालतात आणि शेवटी पैसे मागतात. काहींबरोबर ब्राउझरमध्ये नको ते घुसतं. चालणारा ड्रायव्हर बदलण्याचं काही कारणही नसतं.

प्रिंटरची वेगळी तऱ्हा

कॅनन २९०० आणि एचपी १०२० हे जुने लेझर प्रिंटर आपल्याकडे अजून घरोघरी, झेरॉक्सच्या दुकानांत चालू आहेत आणि चांगले चालतात. पण विंडोज नवीन टाकलं की दोन्ही मुके होतात. कॅननची यूएसबी केबल आधी लावू नका. आधी ड्रायव्हरचा सेटअप चालवा, तो सांगेल तेव्हाच केबल लावून प्रिंटर चालू करा. एचपी १०२० मध्ये स्वतःचं फर्मवेअर साठवलेलं नसतं, दर वेळी चालू केल्यावर ते कॉम्प्युटरकडून येतं. त्यामुळे योग्य ड्रायव्हरशिवाय त्यातून एक कागद निघणार नाही. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं, म्हणून सीडीवरचा जुना ३२ बिटचा ड्रायव्हर चालत नाही, साइटवरून ६४ बिटचा घ्या. जुन्या पद्धतीचे प्रिंटर ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून टप्प्याटप्प्याने बंद करणार असल्याचं मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर केलंय. तुमच्या प्रिंटरचा सेटअप आजच पेनड्राइव्हवर ठेवून द्या.

विंडोज टाकतानाच डिस्क दिसत नसेल

इंटेलच्या ११ व्या पिढीपासूनच्या काही लॅपटॉपवर विंडोजच्या सेटअपला एसएसडी दिसतच नाही आणि लोक समजतात ती गेली. तिथे इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर लागतो. दुसऱ्या कॉम्प्युटरवर तो लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून उतरवा, पेनड्राइव्हवर उघडून (एक्सट्रॅक्ट करून) ठेवा आणि सेटअपमध्ये 'लोड ड्रायव्हर' दाबून ते फोल्डर दाखवा.

फॉरमॅटच्या आधी करायचं काम

मशिन अजून चालू असेल तर सी ड्राइव्हमधल्या विंडोज, सिस्टिम३२, ड्रायव्हरस्टोअर या वाटेने जाऊन 'फाइलरिपॉझिटरी' हे फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करून घ्या. काही जीबी जागा जाते. फॉरमॅटनंतर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळ्या नावावर राइट क्लिक, 'अपडेट ड्रायव्हर', 'ब्राउझ माय कॉम्प्युटर' करून हे फोल्डर दाखवलं आणि खालची सबफोल्डरची टिक ठेवली की बरेच ड्रायव्हर नेटशिवाय बसतात.

एवढं करूनही अडलं तर दुकानात या. लॅपटॉपबरोबर त्याचाच चार्जर आणा. डेस्कटॉपचा नुसता सीपीयू पुरे, मॉनिटर उचलून आणू नका. यूएसबीचा वायफाय डोंगल वापरत असाल तर तो मात्र विसरू नका. प्रिंटरचं काम असेल तर त्याची केबलही सोबत द्या. मशिन ठेवून जायचं असेल तर पासवर्ड तात्पुरता बदलून द्या, नेहमीचा चिठ्ठीवर लिहून देऊ नका.