स्पायडर-मॅन कॉमिक्समधील किशोरवयीन प्रेम व खाजगी आयुष्य

मार्व्हल कॉमिक्स या अमेरिकन प्रकाशनाच्या स्पायडर-मॅन मालिकेत पीटर पार्कर या नायकाची शाळा-कॉलेजातली प्रेमप्रकरणे, घरची ओढाताण, नोकरी आणि मैत्री यांभोवती रचलेला कथाभाग. पीटरचे पहिले दर्शन ‘अमेझिंग फँटसी’च्या १५ व्या अंकात घडले. अंकावर ऑगस्ट १९६२ असे छापले आहे. विक्रीला मात्र तो जूनमध्येच आला होता. त्या काळच्या अमेरिकन कॉमिक्सवरचा महिना प्रत्यक्ष विक्रीच्या दोनेक महिने पुढचा असे. त्यामुळे पुढे अंकांसोबत आलेले महिने मुखपृष्ठावरचे समजावेत, आणि नुसते अंकांचे क्रमांक ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’ या त्यानंतरच्या मालिकेचे.

किशोरवयीन पात्रे सुपरहिरो कॉमिक्सला नवी नव्हती. रॉबिन (१९४०) हा बॅटमॅनचा साथीदार होता. सुपरबॉयला स्वतःची मालिका होती आणि १९५० पासून लाना लँग ही शेजारीणही. पण तिचा बहुतेक वेळ त्याची खरी ओळख हुडकण्यात जाई. पीटरच्या बाबतीत अडचण निराळी होती. त्याला वाढवणाऱ्या बेन काकांच्या मृत्यूनंतर मे काकूंचा औषधपाण्याचा खर्च त्याच्यावर पडला. तो भागवण्यासाठी त्याने ‘डेली ब्यूगल’ या वृत्तपत्राला फोटो विकायचे आणि ऐन भेटीच्या वेळी खलनायक उपटला की काहीतरी थाप मारून सटकायचे, असा क्रम ठरून गेला. ब्यूगलच्या संपादकाची सेक्रेटरी बेटी ब्रँट ही त्याची पहिली मैत्रीण. ११ व्या अंकात (एप्रिल १९६४) स्पायडर-मॅनच्या झटापटीत बेटीचा भाऊ गोळी लागून मरतो. त्यानंतर तिला पीटर हवा असतो, पण स्पायडर-मॅन डोळ्यांसमोर नको असतो. आपणच स्पायडर-मॅन आहोत हे सांगण्याची वाट इथेच बंद होते, आणि मालिकेतल्या पुढच्या बहुतेक प्रेमकथा याच कोंडीतून निघतात.

या प्रेमकथेचे श्रेय कोणाचे, हा जुना वाद आहे. लेखक स्टॅन ली हे स्पायडर-मॅनच्या आधी ‘पॅट्सी वॉकर’सारखी मुलींसाठीची हलकीफुलकी कॉमिक्स लिहीत होते. प्रेमकथांची कॉमिक्स १९४७ मध्ये जो सायमन व जॅक कर्बी यांनी सुरू केली. १९५४ च्या कॉमिक्ससाठीच्या आचारसंहितेने तिथे घराची थोरवी आणि विवाहाचे पावित्र्य राखण्याचे बंधन घातले. चित्रकार जॉन रोमिता हे डीसी कंपनीत बरीच वर्षे अशाच प्रेमकथा रंगवून ३९ व्या अंकापासून (ऑगस्ट १९६६) या मालिकेवर आले. म्हणून प्रेमाचा रंग रोमितांनी आणला, असे सर्रास लिहिले जाते. अंक समोर ठेवून पाहिले तर हे मत टिकत नाही. बेटी आणि शाळासोबतीण लिझ ॲलन ही नावे चौथ्या अंकापासूनची (सप्टेंबर १९६३), आणि कॉलेजातली प्रेयसी ग्वेन स्टेसी ३१ व्या अंकात (डिसेंबर १९६५) येते. दोन्ही अंक मूळ चित्रकार स्टीव्ह डिटको यांचे. मार्व्हलमध्ये चित्रे आधी आणि संवाद नंतर अशी पद्धत असल्याने, आणि १९६५ पासून कथानकाचे श्रेयही डिटकोंना छापलेले असल्याने, सांगाडा त्यांचा मानणे अधिक सयुक्तिक. रोमितांनी चेहरे देखणे केले आणि पीटरला मोटरसायकलवर बसवले. ही भर थोडी नव्हे. पण पाया आधीच घातलेला होता.

पीटरची पुढची प्रेयसी मेरी जेन वॉटसन हिचे पदार्पण कोणत्या अंकात धरायचे, यावरही एकमत नाही. १५ व्या अंकात (ऑगस्ट १९६४) तिला भेटावे म्हणून मे काकू पीटरच्या मागे लागतात. २५ व्या अंकात ती येते, पण चेहरा वाचकांपासून झाकलेला. तो दिसतो थेट ४२ व्या अंकाच्या शेवटी (नोव्हेंबर १९६६). 

ग्वेनचा मृत्यू १२१ व्या अंकातला (जून १९७३, लेखक जेरी कॉनवे, चित्रे गिल केन). ग्रीन गॉब्लिन हा खलनायक तिला पुलावरून ढकलतो, पीटर जाळे फेकून तिला झेलतो, वर ओढतो तेव्हा ती मेलेली असते. मजकुरात पूल जॉर्ज वॉशिंग्टन, चित्रात मात्र ब्रुकलिनचा. ती मेली कशाने, हा खरा प्रश्न. धक्क्यानेच पडता पडता प्राण गेला, असे गॉब्लिन म्हणतो. पण जाळे तिला पकडते त्या चौकटीत तिच्या मानेजवळ ‘स्नॅप’ असे बारीक अक्षरांत लिहिले आहे, आणि नंतर वाचकांच्या पत्रांच्या सदरात संपादकीय खुलासा आला तो असा की, एकाएकी थांबल्याच्या हिसक्याने मान मोडली. भौतिकशास्त्रज्ञ जेम्स काकालिओस यांनीही हाच पक्ष घेतला. उंची सु. ३०० फूट धरली तर वेग ताशी सु. ९५ मैल होतो, आणि तो अर्ध्या सेकंदात शून्यावर आणायचा तर शरीरावर वजनाच्या सु. दहा पट बल येते. गॉब्लिनच्या शब्दावर विसंबायला तसेही कारण नाही. ग्वेनला मारण्याचा निर्णय कोणाचा, याबाबत संबंधितांच्या आठवणी जुळत नाहीत. मुळात बळी जाणार होत्या मे काकू. ग्वेनचे नाव आपण सुचवले, असे रोमिता सांगत. आपण घाईत होकार दिला असावा, अशी लींची भूमिका होती. पीटर-ग्वेन प्रकरण लग्नावाचून पुढे सरकत नव्हते आणि लग्न झाले असते तर नायक प्रौढ झाला असता, हे कॉनवेंचे स्पष्टीकरण अधिक पटते.

तरी लग्न झालेच: १९८७ च्या वार्षिक अंकात, मेरी जेनशी. २००७ मध्ये एका सैतानी कराराने ते पुसले गेले, त्यावर वाचक बरेच भडकले. दरम्यान २००० मध्ये ‘अल्टिमेट स्पायडर-मॅन’ या वेगळ्या मालिकेने पीटरला पुन्हा पंधरा वर्षांचा केले, त्याच्या १३ व्या अंकात तो मेरी जेनला खरे सांगून टाकतो आणि सबंध अंक एका खोलीतल्या गप्पांवर चालतो. २००४ च्या भारतीय आवृत्तीत गावाकडून मुंबईत आलेला, धोतर नेसणारा पवित्र प्रभाकर आणि मीरा जैन ही जोडी आहे. काकूचे नाव माया, काकांचे भीम. मालिका चारच अंकांची असल्याने प्रेमाला जागा बेताचीच मिळाली.