अरॅबिनोगॅलॅक्टन प्रथिने : लाल रंगाने आखलेली सीमा

मस्जिद बंदरच्या घाऊक बाजारात बाभळीचा आणि धावड्याचा डिंक आजही पोत्यांनी उतरतो. एकोणिसाव्या शतकात तांबड्या समुद्राकडून आलेला बाभळीच्या जातभाई झाडांचा डिंक याच मुंबई बंदरातून पुढे युरोपला जाई. त्यात प्रथिन जेमतेम दोन टक्के. पण साखरेच्या दाट फांद्यांत गुरफटलेला त्याचा अंशच तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवतो. वनस्पतीपेशींच्या पृष्ठभागावर याच कुळातली, म्हणजे अरॅबिनोगॅलॅक्टन प्रथिने असतात आणि त्यांच्या वजनात बहुतांश वाटा साखरेचाच असतो.

या कुळाचा माग लागला तो एका रंगामुळे. कृत्रिम प्रतिजन (शरीराची प्रतिकारशक्ती चेतवणारा पदार्थ) म्हणून १९६२ मध्ये तयार केलेले लाल रंगद्रव्य १९६७ मध्ये वनस्पतीच्या अर्कात मिसळले आणि लाल साका बसला. पुढे रीतच पडली : हा रंग मिसळलेल्या जेलमध्ये बारीक भोके पाडायची, अर्क ओतायचा, वाट पाहायची. भोकाभोवती लाल कडे उमटले की प्रथिन या कुळातले, नाही उमटले की बाहेरचे.

शुद्धीकरणाला या रंगाचा आधार मोठा होता; त्याच्याशिवाय विषय पुढे सरकलाच नसता. पण ओळखीच्या खुणेचीच व्याख्या करून टाकली, ही घाई झाली. रंग नेमका कशाला चिकटतो, हेच तेव्हा माहीत नव्हते. एक-तीन जोडणीच्या (एका रेणूचा पहिला कार्बन पुढच्याच्या तिसऱ्याला जोडलेल्या) गॅलॅक्टोज या साखरेच्या साखळीला तो चिकटतो, हे स्पष्ट झाले २०१३ मध्ये. तोवर रंग न धरणारी सख्खी भावंडे वर्षानुवर्षे हिशेबाबाहेर राहिली. २०१० मध्ये अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या छोट्या रोपाच्या जनुकक्रमावरून अशी ८५ प्रथिने मोजली गेली. ही मोजणी प्रथिनाच्या कण्यावरून, म्हणजे अमिनो आम्लांच्या साखळीवरून होती, रंगावरून नव्हे. त्यामुळे दोन्ही याद्या आजही तंतोतंत जुळत नाहीत.

रेणूच्या आकारावरही दुमत झाले. १९८० च्या दशकात बाभळीच्या फुलासारख्या गोंड्यांची कल्पना पुढे आली, तर १९९१ मध्ये पिळदार केसाळ दोराची.

अलीकडे लक्ष गेले आहे साखरेच्या फांद्यांच्या टोकाशी असलेल्या ग्लुकुरॉनिक आम्लाकडे (हे साखरेचेच आम्लरूप). ही टोके कॅल्शियम धरून ठेवतात आणि भोवतालची आम्लता वाढली की सोडतात, असा प्रस्ताव २०१२ मध्ये मांडला गेला. २०२० मध्ये हे आम्ल जोडणारी विकरे निकामी केलेली अरॅबिडॉप्सिसची रोपे तपासली गेली. त्यांच्या साखरेला कॅल्शियम कमी बांधले जात होते आणि रोपांची वाढही बिघडलेली होती.